समानार्थी शब्दांचे प्रश्न: दोन पर्याय बरोबर वाटतात तेव्हा नेमकं काय पाहायचं?

अक्षरवेल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी लातूरला स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना मराठी शिकवते. तलाठी, पोलीस भरती, एमपीएससीची संयुक्त परीक्षा, कुठलाही पेपर घ्या, समानार्थी शब्द असतातच. मुलं त्यांना 'हातचे गुण' म्हणतात आणि हातचे म्हणूनच घालवतात. तलाठी भरतीच्या पेपरात १०० पैकी २५ प्रश्न मराठीचे आणि प्रत्येकाला २ गुण. एमपीएससीत तर चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांपैकी २५ टक्के कापले जातात. कटऑफला एकेका गुणावर माणसं अडकतात, तेव्हा या विषयावर नीट बोलायला हवं असं मला फार दिवसांपासून वाटतंय.

पाठांतर कमी पडतं असं नाही. मुलांच्या वह्यांत हातभर याद्या असतात. 'दया: करुणा, कणव, कीव, अनुकंपा.' यादीत सगळे शब्द एका ओळीत, एकाच मानाने बसलेले. पेपरात कीव आणि अनुकंपा असे दोन्ही पर्याय समोर आले की यादी मुकी होते. बाजारातलं एक मार्गदर्शक पुस्तक माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांकडे आहे. त्यात 'अभिमान', 'गर्व' आणि 'माज' हे तिन्ही एकमेकांसमोर बरोबरीचं चिन्ह टाकून छापलेत. असं पाठ करून गेलेलं मूल पेपरात गोंधळलं तर त्याचा काय दोष?

माझं म्हणणं असं की हे प्रश्न एका जातीचे नाहीतच. त्यामुळे कसोटीही एकच असून चालत नाही.

पहिली जात संस्कृत जोडशब्दांची. हे पाठ करायचे नसतात, फोडायचे असतात. पाण्याचे शब्द घ्या: जल, नीर, अंबु, वारि, तोय, पयस्. यांना 'ज' लागला की पाण्यात जन्मलेलं, म्हणजे कमळ: जलज, नीरज, अंबुज, वारिज. 'द' लागला की पाणी देणारा, म्हणजे ढग: जलद, नीरद, अंबुद, वारिद, तोयद, पयोद. 'धी' लागला की पाणी साठवणारा, म्हणजे समुद्र: जलधी, अंबुधी, वारिधी, पयोधी. ही सहा मुळं आणि तीन शेपट्या लक्षात ठेवल्या की पंधराएक शब्द आपोआप जागेवर बसतात. पेपर काढणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून तो नेमका शेपटीत फरक करतो. 'समुद्र या अर्थाचा नसलेला शब्द ओळखा: अर्णव, वारिधी, रत्नाकर, पयोद.' यादी घोकलेला मुलगा चारही शब्द कुठेतरी पाहिलेत म्हणून थबकतो. फोडून पाहणारा पयोदवर बोट ठेवून पुढे जातो.

पृथ्वीचंही तसंच. भू, मही, धरणी यांना 'धर' लागला की डोंगर (भूधर, महीधर), 'प' किंवा 'पाल' लागला की राजा (भूप, महीप, भूपाल). आणि 'ग' म्हणजे जाणारा. आकाशात जातो तो खग, छातीवर सरपटत जातो तो उरग, वेगाने जातो तो तुरग. जो जातच नाही तो नग, म्हणजे डोंगर. 'तुरग' आणि 'उरग' एकाच प्रश्नात टाकून घोडा विचारतात तेव्हा हेच उपयोगी पडतं.

दुसरी जात सारख्या दिसणाऱ्या शब्दांची: अनल म्हणजे अग्नी, अनिल म्हणजे वारा. सलिल म्हणजे पाणी, सलील म्हणजे लीलेने, सहज. पिक म्हणजे कोकिळ आणि पीक शेतातलं. सुर म्हणजे देव, सूर गळ्यातला. इथे डोळे उघडे ठेवून वेलांटी वाचायची, बाकी काही नाही.

तिसरी जात खरी अवघड, आणि तिच्यासाठीच हा धागा काढलाय. हेवा, मत्सर, असूया. धाक, दरारा, दहशत. हट्ट, हेका, आग्रह, जिद्द. हे शब्द फोडता येत नाहीत आणि दिसतातही वेगळे. माझी कसोटी एकच: शब्दाला त्याच्या क्रियापदासकट उभा करा. मुलाचा हट्ट पुरवतात. हेका सोडत नाहीत. यजमानांचा आग्रह मोडवत नाही. जिद्दीला माणूस पेटतो. आता अदलाबदल करून पाहा. जिद्द पुरवली? हेका मोडवला नाही? जीभच अडते. जिथे जीभ अडते तिथे अर्थाचा फरक आहे. तो फरक व्याख्येत सांगता आला नाही तरी पर्याय खोडायला तेवढं पुरतं.

तुम्ही हे प्रश्न कसे सोडवता, कुठे अडलात, जरूर लिहा. प्रत्यक्ष प्रश्न दिलेत तर चर्चा करता येईल.

खाकी_नांदेड

मॅडम, फार उपयोगी. मी पोलीस भरतीची तयारी करतोय. आमच्या लेखीला ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. त्यात गणित आणि बुद्धिमत्ता वेळ खाते. शब्द फोडत बसायला वेळ कुठे मिळणार? आणि एक विचारायचं होतं. पवन, पावक, पावन हे तिन्ही मी दर वेळी उलटसुलट करतो.

अक्षरवेल

खाकी_नांदेड, फोडायला वेळ लागतो तो घरी, सरावात. पेपरात 'अंबुद' दिसल्यावर डोळा आधी शेवटच्या अक्षरावर गेला पाहिजे, एवढीच सवय लावायची. मग असा प्रश्न दहा सेकंदांत सुटतो आणि वाचलेली मिनिटं गणिताला मिळतात. भाषेचे प्रश्न लवकर सोडवणाऱ्यांचं गणित सुधारतं, हे मी वर्गात सतत बघते.

पवन, पावक, पावन तिन्ही एकाच धातूचे आहेत: 'पू', म्हणजे शुद्ध करणे. वारा शुद्ध करतो म्हणून पवन, अग्नी शुद्ध करतो म्हणून पावक, आणि जे शुद्ध ते पावन. पावकात 'क' आहे, करणारा. 'जाळून शुद्ध करणारा' असं एकदा मनात बसवलंत की पुन्हा उलटं होणार नाही.

गुरुजी_वाई

धागा उत्तम आहे. चाळीस वर्षांच्या अध्यापनातून आलेली थोडी भर घालतो, आणि एक सावधगिरीही सुचवतो.

शब्द फोडण्याची पद्धत चांगली, पण तिला रूढीचा लगाम हवा. पाण्यात जन्मलेलं सगळंच जलज म्हणायचं तर मासा आणि शंखही जलज होतील, आणि संस्कृतात शंखाला हा शब्द वापरलेलाही आहे. चिखलात जन्मणारे किडे पंकज होत नाहीत, कमळच होतं. व्याकरणात अशा शब्दांना योगरूढ म्हणतात. फोडून अर्थ लागतो, पण रूढी तो एका वस्तूवर आणून बसवते. म्हणून फोडल्यावर 'मराठीत हा शब्द कशासाठी रुळला आहे?' हा दुसरा प्रश्न विचारायचाच. 'अब्ज' पाहा. अप् म्हणजे पाणी, त्यात जन्मलेलं ते अब्ज, म्हणजे कमळ. पण आज मराठी माणूस अब्ज म्हटल्यावर शंभर कोटीच समजतो. प्रश्नात कोणता अर्थ धरला आहे ते बाकीच्या पर्यायांवरून ठरवावं लागतं.

अनेकार्थी शब्दांनी तर चांगले चांगले विद्यार्थी फसतात. द्विज म्हणजे दोनदा जन्मलेला. त्यात ब्राह्मण आला, पक्षी आला (एकदा अंडं, एकदा पिल्लू), दातही आला. मित्र म्हणजे सूर्य. पयोधर म्हणजे ढग आणि स्तनही. 'सूर्य'साठी भानू, मित्र, इंदू, सुधाकर असे पर्याय देऊन 'दोन योग्य पर्याय निवडा' म्हटलं, तर निम्मा वर्ग मित्र सोडून देतो.

वेलांटीच्या बाबतीत एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगत जा. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनुसार तत्सम शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आपण दीर्घ लिहितो. कवि झाला कवी, गुरु झाला गुरू. त्यामुळे 'पाणि' म्हणजे हात, हा शब्द एकटा लिहिला की आपल्या प्यायच्या पाण्यासारखाच दिसतो. चक्रपाणी, वीणापाणी, शूलपाणी यांत हात आहे. समासाच्या आरंभी मात्र ऱ्हस्व टिकतो: पाणिग्रहण. म्हणून 'पाणी'चा समानार्थी विचारून पर्यायांत 'हस्त' आणि 'उदक' दोन्ही दिले असतील, तर प्रश्नच सदोष आहे. संदर्भ दिल्याशिवाय त्याला एकच उत्तर नाही.

आता असूयेविषयी. हे सगळे पर्याय आपल्याकडे आले ते मुख्यतः अमरकोशाच्या, म्हणजे संस्कृतातल्या जुन्या समानार्थी कोशाच्या, परंपरेतून. तिथे ईर्ष्या आणि असूया शेजारी शेजारी असल्या तरी वेगळ्या केल्या आहेत. असूया म्हणजे दुसऱ्याच्या गुणांवरही दोषाचा आरोप करणं. दुसऱ्याचं चांगलं सहन न होणं ही एक गोष्ट आणि त्या चांगल्यातच खोट काढणं ही दुसरी. याद्या छापणाऱ्यांनी हा फरक पुसून टाकला.

सईबाई

गुरुजींचं पटलं. 'हेवा'बद्दल मला आणखी एक वाटतं. 'तिचं अक्षर हेवा वाटावा असं आहे' हे आपण कौतुकानं म्हणतो. 'मत्सर वाटावा असं अक्षर' कोणी म्हणतं का? हेव्यात 'मलाही मिळावं' असतं, मत्सरात 'तिला मिळू नये' असतं. माझी मुलगी दहावीत आहे, तिला मी असंच सांगितलं.

अक्षरवेल

सईबाई, नेमकं बोललात. कौतुकाच्या वाक्यात शब्द चालतो का, हीसुद्धा पक्की कसोटी आहे. मी वर 'दया'ची यादी दिली होती, तिला हीच लावून पाहा. कणव येते, ती आतून. करुणा थोडी भारदस्त, संतांची, बुद्धाची. अनुकंपा आता बोलण्यातून जवळपास गेली, पण सरकारी कागदावर ठाण मांडून आहे: अनुकंपा तत्त्वावरील नियुक्ती. आणि कीव? 'मला तुझी कीव येते' असं तोंडावर कोणाला म्हणून पाहा. समोरचा दुखावतो, कारण कीव वरून खाली पाहते. तरीही छापील याद्यांत ती दयेच्या पंक्तीला बसलेली असते.

पलीकडचा

मी जीआरई (पदव्युत्तर प्रवेशासाठीची इंग्रजी परीक्षा) देऊन अमेरिकेत शिकायला आलो. त्या परीक्षेतही अगदी हाच पेच असतो, म्हणून लिहितो.

जीआरईमधून विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे प्रश्न २०११ साली काढून टाकले. त्यांच्यासोबत जो नवा प्रकार आला त्यात एक वाक्य, एक गाळलेली जागा आणि सहा पर्याय असतात. दोन निवडायचे. दोन्ही वाक्यात बसले पाहिजेत आणि दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच झाला पाहिजे. एक बरोबर आणि एक चूक असेल तर शून्य.

आपल्याकडून आलेली मुलं सहा शब्दांतून आधी समानार्थी जोडी शोधतात आणि ठोकून देतात. सापळा तिथेच असतो. समजा वाक्य असं आहे: 'स्वतःच्या कपड्यालत्त्यावर तो पैसा घालवत नसे, पण शेजारच्या मुलांची फी भरताना त्याचा हात कधी आखडला नाही; तो ___ होता.' पर्याय: फ्रूगल, थ्रिफ्टी, स्टिंजी, मायझर्ली, लॅव्हिश, शाय. यात दोन जोड्या आहेत. फ्रूगल-थ्रिफ्टी म्हणजे काटकसरी, स्टिंजी-मायझर्ली म्हणजे कंजूष. दोन्ही जोड्या आपापल्या जागी समानार्थीच आहेत. पण 'हात आखडला नाही' या तीन शब्दांनी दुसरी जोडी बाद होते.

म्हणून मी पर्यायांवर हात ठेवून आधी फक्त वाक्य वाचायचो आणि गाळलेल्या जागी मनातला मराठी शब्द घालायचो. 'काटकसरी' मनात आला की मगच पर्याय उघडायचे. आणि 'पण', 'असूनही', 'म्हणून' या अर्थाचे शब्द आधी गोल करायचे. वाक्य कुठे वळतं ते तेच सांगतात. ज्या मराठी प्रश्नांत वाक्य दिलेलं असतं, तिथे हे जसंच्या तसं चालेल.

तापीकाठ

सगळं वाचलं. माझी अडचण वेगळी आहे, आणि ती माझ्या एकट्याची नाही.

'जीभ अडते का पाहा' ही कसोटी ज्यांच्या घरात प्रमाण मराठी बोलतात त्यांच्यासाठी आहे. आमच्या घरी अहिराणी. मी शिरपूरजवळच्या गावातून आलोय. हेका, दरारा हे शब्द मी पुस्तकातच पाहिले. ते कोणत्या क्रियापदासोबत जातात हे माझ्या कानाला माहीत नाही. नंदुरबारकडची भिलोरी, पावरी बोलणारी मुलं माझ्यासोबत अभ्यासिकेत आहेत, त्यांचं आणखी अवघड. तुमच्या पद्धतीत आमच्यासाठी काय आहे? आम्हाला यादीच बरी वाटते, कारण ती सगळ्यांना सारखीच परकी आहे.

सईबाई

तापीकाठ, हे फार खरं आहे. या बाजूने मी कधी विचारच केला नव्हता.

अक्षरवेल

तापीकाठ, तुमचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्याच्या कानात क्रियापद आधीपासून नाही, त्याने ते वहीत आणायचं. यादी सोडू नका, यादीची रचना बदला. एका ओळीत पाच शब्द लिहिण्याऐवजी एका शब्दापुढे त्याची दोन क्रियापदं आणि एक छोटं वाक्य लिहा. 'धाक: असतो, बसतो, दाखवतात. वडिलांचा धाक, कायद्याचा धाक.' 'दहशत: बसते, पसरते. गावात बिबट्याची दहशत पसरली.' 'दरारा: असतो, वाटतो. जुन्या मुख्याध्यापकांचा तालुक्यात दरारा होता.' आता बघा, बिबट्याचा धाक म्हणत नाहीत, कारण धाक शिस्तीशी बांधलेला आहे, त्यात कोणीतरी आपल्याला वळण लावणारं असतं. दराऱ्यात भीतीसोबत मान आहे. दहशतीत मान अजिबात नाही. हे तीन फरक घरच्या कानाने नाही, लिहिलेल्या वाक्यांनी कळतात.

ही क्रियापदं मिळवायची कुठून? यासाठी मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश मला फार आवडतो. १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. त्यात कित्येक नामांपुढे इंग्रजी 'व्ही' अक्षर टाकून ते नाम कोणत्या क्रियापदांसोबत चालतं ते देवनागरीत दिलेलं असतं. म्हणजे ज्याला मराठी परकी होती अशा माणसासाठीच ती सोय केली होती. मोल्सवर्थला स्वतःलाही मराठी परकीच होती, त्यामुळे आपण जे गृहीत धरतो ते त्याने टिपून ठेवलं. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच आहे. त्यात जुन्या ग्रंथांतली उदाहरणं मिळतात. कोशातलं एखादं क्रियापद आज जुनं झालेलं असेल, म्हणून रोजच्या वर्तमानपत्रातलं एक वाक्य शेजारी लिहून ताडून घ्या.

आणि संस्कृत जोडशब्दांच्या जातीत तर तुम्ही आणि पुण्यातलं मूल एकाच रेषेवर उभे आहात. 'तोयद' कोणाच्याच घरात बोलत नाहीत.

तापीकाठ

धन्यवाद ताई. कोश उघडून पाहिला. क्रियापदं खरंच दिलीत. अभ्यासिकेत आम्ही पाच जण शब्द वाटून घेतोय, प्रत्येकाने रोज काही शब्द वाक्यासकट लिहायचे.

पुन्हा_मुख्य

उत्तरतालिकेवर घेता येणाऱ्या हरकतींबद्दल कोणी बोललं नाही. मागे एका भरतीत 'असूया'साठी मत्सर आणि हेवा हे दोन्ही पर्याय होते. पहिल्या उत्तरतालिकेत हेवा दिलं होतं. मी हरकत घेतली. 'मला असं वाटतं' असं लिहून उपयोग नसतो. कोशाचं नाव, खंड, पान आणि त्या नोंदीची प्रत जोडावी लागते. दोन्ही पर्याय कोशात सापडतात असं दाखवलं, शेवटी प्रश्न रद्द झाला. सगळ्यांना सांगावंसं वाटतं की शिकवणीच्या नोट्स किंवा मार्गदर्शक पुस्तकाचं पान जोडू नका, कोश जोडा. आणि मुदत दोन-चार दिवसांचीच असते, तालिका लागली की त्याच दिवशी बसा.

गुरुजी_वाई

योग्य सल्ला. भर एवढीच की प्रश्नात 'समानार्थी' म्हटलं आहे की 'सर्वांत जवळचा अर्थ' म्हटलं आहे, ते आधी पाहा. 'सर्वांत जवळचा' असेल तर दुसरा पर्याय कोशात सापडतो एवढ्याने भागत नाही. दोघांपैकी जवळचा कोण हे वापराच्या उदाहरणांनी दाखवावं लागतं. असूयेच्या बाबतीत मला स्वतःला मत्सर अधिक जवळचा वाटतो, कारण दोन्हींत दुसऱ्याचं वाईट चिंतणं आहे, हेव्यात ते नाही.

पुन्हा_मुख्य

गुरुजी, हा मुद्दा हरकतीत घातला असता तर उत्तर बदलून मिळालं असतं का, असा विचार करतोय. प्रश्न रद्द झाला की सगळ्यांचं सारखं होतं, बरोबर लिहिणाऱ्याला वेगळं काही मिळत नाही.

अक्षरवेल

आज वर्गासाठी काढलेले तीन प्रश्न इथेही देते. उत्तरासोबत कारण लिहा.

१) 'डोंगर' या अर्थाचा नसलेला शब्द: अद्री, महीप, नग, भूधर.
२) 'त्यांनी कितीही समजावलं तरी तो आपला ___ सोडेना.' आग्रह, जिद्द, हेका, ध्यास.
३) 'अग्नी'साठी योग्य शब्द: अनिल, वन्ही, समीर, मारुत.

खाकी_नांदेड

१) महीप. 'प' म्हणजे पाळणारा, राजा. २) हेका, 'सोडेना' या क्रियापदावरून. ३) वन्ही, अनिल वारा आहे. तिन्ही मिळून मिनिटभरही लागलं नाही मॅडम.

तापीकाठ

दुसऱ्यात मी 'आग्रह' लिहिलं होतं. 'आग्रह सोडला' असं पेपरात वाचलंय, पक्षाने मंत्रिपदाचा आग्रह सोडला वगैरे.

अक्षरवेल

तापीकाठ, तुमचं वाचन बरोबर आहे. आग्रह सोडतातही. इथे क्रियापदाने दोन्ही शब्द आत घेतले, म्हणून वाक्याच्या पहिल्या भागाकडे जायचं, पलीकडचा यांनी सांगितलं तसं. 'कितीही समजावलं तरी' म्हणजे समोरचा चुकतोय असं बोलणाऱ्याचं मत आहे. आग्रह योग्य गोष्टीचाही असू शकतो, हेका नेहमी दोष दाखवतो. आग्रहाला दोष द्यायचा असेल तर आपण 'दुराग्रह' म्हणतो. वहीत हेक्याच्या ओळीत 'धरतो, सोडत नाही' यासोबत 'दोषार्थी' असंही लिहून ठेवा. उद्या याच पद्धतीने 'संशय, शंका, किंतु' घेऊ.